नऊ नंबरची खोली, पण कुठल्या चाळीतली?

२६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास. दोघांत सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर. सगळी मुंबई एकाच चौकटीत बसवून पावसाचं गणित मांडलं असतं, तर ते त्या दिवशी कोणाच्याच उपयोगी पडलं नसतं. शहराचे, समुद्राचे, घाटाचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकातली हवा, वारा आणि बाष्प वेगळं मोजावं लागतं. आता हिशोब करा. दोनशे बाय दोनशे किलोमीटरचा तुकडा, एक किलोमीटरचा चौकोन आणि जमिनीपासून वर हवेचे पन्नास थर धरले, की वीस लाख डबे झाले. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवणारे चौकोनाच्या साधारण एका किलोमीटरमागे वेळेचं सहा सेकंदांचं पाऊल धरतात. म्हणजे एका दिवसाच्या अंदाजासाठी १४,४०० पावलं आणि प्रत्येक पावलाला वीस लाख डबे.

एक प्रोसेसर हे करत बसला, तर उद्याचा अंदाज परवा मिळेल. म्हणून काम वाटतात, आणि वाटलेल्या कामातले निरोप भलत्याच हाती पडू नयेत याची सोय हा आजचा विषय. समजा आपण वीस प्रोसेस, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या वीस प्रती, घेतल्या. ० ते १५ या सोळा प्रोसेस गणित करतील. नकाशाचे चार बाय चार असे सोळा तुकडे पाडून एकेकीला एकेक तुकडा दिला. १६ ते १९ या चार प्रोसेस गणिताला हात लावणार नाहीत, फक्त तयार आकडे डिस्कवर लिहीत बसतील. डिस्क हळू असते आणि तिच्यासाठी गणिताने थांबून राहावं हे परवडत नाही, म्हणून ही सोय. मोठ्या मॉडेलांमध्ये अशी लिहिणाऱ्यांची वेगळी टोळी खरोखर ठेवतात.

प्रत्येक प्रोसेसची मेमरी तिची स्वतःची. पाच नंबरची प्रोसेस सहा नंबरच्या मेमरीत डोकावू शकत नाही. पण हवा काही तुकड्याच्या रेघेवर थांबत नाही. कुर्ल्याच्या तुकड्यातला वारा पुढच्या क्षणी घाटकोपरच्या तुकड्यात शिरणार. म्हणून प्रत्येक पावलाला शेजाऱ्यांनी आपापल्या कडेचे आकडे एकमेकांना मेसेज करून कळवायचे. यालाच मेसेज पासिंग म्हणतात, आणि ते कसं करायचं याचे सर्वमान्य नियम म्हणजे एमपीआय, मेसेज पासिंग इंटरफेस. एमपीआय ही प्रोग्रॅमिंगची भाषा नाही, विकत मिळणारं सॉफ्टवेअरही नाही. तो एक करारनामा आहे. तो पाळून लिहिलेलं प्रत्यक्ष सॉफ्टवेअर म्हणजे एमपीआयसीएच, ओपन एमपीआय वगैरे.

मेसेज पाठवणं सोपं आहे. अवघड आहे ते आलेला मेसेज नेमका कोणासाठी आहे हे ओळखणं. "पाच नंबरसाठी" एवढं उत्तर पुरत नाही. पाच नंबरच्या आत एकाच वेळी चार कामं चालू असतात. कडेचे आकडे घ्यायचे असतात, एकूण पावसाची बेरीज चालू असते, लिहिणाऱ्यांकडे माल पाठवायचा असतो, आणि कोणी तरी तिसऱ्यानेच लिहिलेली, समीकरणं सोडवणारी लायब्ररी (म्हणजे आयत्या फंक्शनांचा संच) आपल्या आपल्यात मेसेज टाकत असते. हे सगळे निरोप एकाच दारातून आत येतात.

ते आत आल्यावर काय होतं ते जरा बारकाईने पाहू, कारण बहुतेकांना पुढचा घोळ कळत नाही तो इथलं यंत्र माहीत नसतं म्हणून.

घेणाऱ्या प्रोसेसकडे एमपीआय दोन रांगा ठेवतं. पहिल्या रांगेत प्रोग्रॅमने केलेल्या मागण्या असतात: "सहा नंबरकडून, टॅग दहा असलेला मेसेज आला की या जागेत ठेव." टॅग म्हणजे पाठवणाऱ्याने पाकिटावर टाकलेला एक पूर्णांक. दुसऱ्या रांगेत न मागता येऊन पडलेले मेसेज असतात. नवा मेसेज आला की एमपीआय मागण्यांची रांग पुढून तपासत जातं आणि जी पहिली मागणी जुळेल तिच्या पदरात तो टाकतं. एकही जुळली नाही, तर मेसेज दुसऱ्या रांगेत जाऊन पडतो. प्रोग्रॅमने नवी मागणी केली की उलट, आधी दुसरी रांग तपासली जाते. एवढंच. मेसेजच्या पोटात काय आहे, पाऊस की पाण्याची उंची, हे एमपीआय बघत नाही. त्याला दिसतं ते फक्त पाकीट.

मागणी करताना दोन सवलती आहेत. "कोणाकडूनही" म्हणता येतं आणि "कुठल्याही टॅगचा" असंही म्हणता येतं. या सवलती आळशी माणसासाठी नाहीत, त्यांचे खरे उपयोग आहेत. पण वापरतात बहुतेक आळशी माणसंच. कॉलेजच्या लॅबमध्ये दर बॅचला थोड्याफार फरकाने हा संवाद होतोच:

"मॅडम, लॅपटॉपवर बरोबर उत्तर येतंय. क्लस्टरवर टाकलं की कधी लटकतं, कधी भलतंच उत्तर देतं."

"रिसीव्हमध्ये टॅग काय दिलायस?"

"एनी टॅग. शेजाऱ्यांपैकी कोणाचाही आधी आला तरी चालेल ना, म्हणून सोर्सही एनीच ठेवला."

चालत नाही. का ते पाच नंबरच्या तुकड्यावरच बघू. चार बाय चारच्या नकाशात पाचचे शेजारी म्हणजे वर १, खाली ९, डावीकडे ४ आणि उजवीकडे ६. पाच नंबर चार मागण्या नोंदवते, चारही "कोणाकडूनही, कुठल्याही टॅगचा, एक आकडा" अशा. हा आकडा म्हणजे कडेला साचलेल्या पाण्याची उंची, मीटरमध्ये. मग ती स्वतःचा आकडा चौघांना पाठवते. उत्तरं येण्याची वाट न बघता, तेवढ्या वेळात दुसरं काम उरकावं म्हणून, एका लायब्ररीला सांगते की सगळ्या नकाशावरच्या पावसाची बेरीज कर. ही लायब्ररी प्रत्येक ओळीत उजवीकडून डावीकडे बेरीज सरकवत नेते. सात आपला आकडा सहाला देते, सहा त्यात आपला मिळवून पाचला देते, असं.

आता सहा आणि सात मोकळ्या असल्याने भराभर पुढे गेल्या आणि नऊ मागे रेंगाळली. पाचकडे १, ४ आणि ६ च्या पाण्याची उंची पोचली. तीन मागण्या भागल्या, चौथी नऊची वाट बघत उघडी आहे. तेवढ्यात सहाकडून लायब्ररीचा मेसेज येतो: ४१२.५. ही सहा आणि सात मिळून झालेली पावसाची बेरीज, मिलिमीटरमध्ये. चौथी मागणी काय म्हणत होती? कोणाकडूनही, कुठलाही. जुळलं! ४१२.५ जाऊन बसले पाण्याच्या उंचीच्या जागेवर.

मागाहून नऊचा खरा आकडा येतो, ०.३. मागण्यांच्या रांगेत आता फक्त लायब्ररीची मागणी उभी आहे. लायब्ररी लिहिणाऱ्याने सोर्स आणि टॅग नीट सांगितले असतील, तर ०.३ जुळत नाही, दुसऱ्या रांगेत पडून राहतो, आणि लायब्ररी सहाच्या मेसेजसाठी अनंतकाळ थांबते. प्रोग्रॅम लटकला. त्यातल्या त्यात हे बरं. लायब्ररीवाल्यानेही "कोणाकडूनही, कुठलाही" केलं असेल, तर ती ०.३ हा पावसाचा आकडा समजून बेरजेत धरते आणि प्रोग्रॅम हसतमुखाने संपतो. एररचं नाव नाही. शहराच्या पावसातले ४१२ मिलिमीटर गायब आणि नकाशाच्या एका कडेला ४१२.५ मीटर पाणी, म्हणजे मुंबईतला कुठलाही टॉवर गच्चीसकट बुडेल एवढं.

नऊ वेळेवर आली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं. म्हणून लॅपटॉपवर बरोबर आणि क्लस्टरवर चूक. लॅपटॉपवर सगळ्या प्रोसेस एकाच मशीनमध्ये शेजारी बसलेल्या असतात, फारसं कोणी मागे राहत नाही. क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेली अनेक मशीन. तिथे मध्ये नेटवर्क आलं, की कोण कधी पोचेल याचा नेम नाही.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो टॅगचा. पाण्याच्या उंचीला टॅग १०, बेरजेला टॅग २०, मागताना तेवढाच टॅग मागायचा. एकाच माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमात हे छान चालतं. पण बेरजेची लायब्ररी पवईत कोणी लिहिलीय, समीकरणं सोडवणारी जर्मनीत, आणि दोन्ही वापरणारा बसलाय ऐरोलीत. एकमेकांनी कुठले टॅग वापरलेत ते कोणालाच माहीत नाही. मग "१००० ते १९९९ आमचे, तुम्ही वापरू नका" अशी सूचना कागदपत्रात कुठे तरी बारीक अक्षरात टाकतात. ती वाचतो कोण? आणि वाचली, तरी त्या लायब्ररीच्या पोटात तिसरी लायब्ररी असली तर? एमपीआय टॅगला ३२,७६७ पर्यंतची मुभा नक्की देतं, त्यापुढचं ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरवर. पण आकडे कमी पडतात ही अडचणच नाही. टॅग हा सगळ्यांनी पाळायचा समजूतदारपणा आहे आणि "कुठलाही टॅग" म्हणणारा एकजण निघाला की त्या समजूतदारपणाचा निकाल लागतो.

इथे वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी आठवतात. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या, एकेका चाळीत ऐंशी खोल्या. प्रत्येक चाळीत नऊ नंबरची खोली आहे. पोस्टमनला "खोली नं. ९, कदम" एवढंच लिहून दिलंत, तर त्याने काय करावं? कदम तर चार चाळींत सापडतील. म्हणून पत्त्यात आधी चाळ क्रमांक येतो, मग खोली. एका चाळीत आलेलं पत्र दुसऱ्या चाळीतल्या नऊ नंबरने घेण्याचा प्रश्नच येत नाही. पाकिटाचा रंग कुठला, आत लग्नपत्रिका आहे की वीजबिल, हे बघायची वेळच येत नाही. आणि चाळीला नंबर रहिवाशांनी आपल्या मर्जीने दिलेला नाही. रहिवाशांनी ठरवला असता, तर निम्म्या चाळी एक नंबरच्या निघाल्या असत्या.

एमपीआयमध्ये या चाळीच्या जागी आहे कम्युनिकेटर. त्याच्यात दोन गोष्टी असतात. एक, कोणकोणत्या प्रोसेस त्यात आहेत आणि त्यांचे शून्यापासूनचे क्रमांक, ज्यांना रँक म्हणतात. दोन, कॉन्टेक्स्ट नावाचा एक आकडा, जो प्रत्येक मेसेजच्या पाकिटावर एमपीआय स्वतः छापतं. हा आकडा प्रोग्रॅमरला दिसत नाही, मागता येत नाही, बदलता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागणी करताना "कुठल्याही कम्युनिकेटरचा" असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. सोर्सला सवलत आहे, टॅगला आहे, कम्युनिकेटरला नाही. माझ्या मते सगळ्या एमपीआयमधला सर्वांत शहाणा निर्णय हाच, आणि तो एक गोष्ट न देण्याचा आहे.

प्रोग्रॅम सुरू होताना सगळ्या प्रोसेसचा मिळून एक कम्युनिकेटर आयता मिळतो, कॉम वर्ल्ड. नवशिके आयुष्यभर त्याच्यातच राहतात. वरचा घोळही त्यामुळेच झाला, कारण लायब्ररी आणि प्रोग्रॅम दोघेही कॉम वर्ल्डमध्येच बोलत होते.

लायब्ररीवाल्याने करायचं ते एका ओळीचं काम आहे. सुरुवातीला, ज्या कम्युनिकेटरवर काम करायचंय त्याची कॉम डुप या फंक्शनने एक प्रत काढून घ्यायची आणि आपले सगळे मेसेज त्या प्रतीवरच पाठवायचे. प्रतीत माणसं तीच, रँक तेच, फक्त कॉन्टेक्स्ट नवा. आता पाच नंबरची ती चौथी मागणी पुन्हा बघा. सहाकडून ४१२.५ आले, सोर्स चालतो, टॅग चालतो, पण कॉन्टेक्स्ट जुळत नाही. मेसेज दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो आणि लायब्ररीने मागितला की तिला मिळतो. ऐरोलीतल्या माणसाचा "कुठलाही टॅग" तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. चांगल्या लायब्ररी हे न सांगता करतात. एखादी करत नसेल, तर ती वापरण्याआधी मी दोनदा विचार करेन.

एमपीआय स्वतःच्या घरातही हेच करतं. बेरीज, सर्वांना वाटप वगैरे सामूहिक कामं त्याच कम्युनिकेटरवर चालली, तरी त्यांचे आतले मेसेज तुमच्या साध्या मेसेजमध्ये कधीही मिसळू नयेत, अशी करारनाम्याची अटच आहे. त्यासाठी एमपीआयसीएचसारखी सॉफ्टवेअर्स एकेका कम्युनिकेटरला आतून वेगवेगळे कॉन्टेक्स्ट देतात, एक साध्या मेसेजसाठी, एक सामूहिक कामांसाठी.

प्रत काढणं झालं, आता वाटणी. यासाठीचं फंक्शन म्हणजे कॉम स्प्लिट. प्रत्येक प्रोसेस एक रंग सांगते (रंग म्हणजे इथे नुसता आकडा), आणि एकाच रंगाच्या सगळ्यांचा एक नवा कम्युनिकेटर बनतो. आपल्या वीस प्रोसेसमध्ये ० ते १५ ने रंग ० सांगितला, १६ ते १९ ने रंग १, की गणितवाले आणि लिहिणारे वेगळे झाले. लिहिणाऱ्यांत १६ नंबर आता रँक ० आहे. तिला आपल्या टोळीत काम करताना आधीच्या सोळाजणींची आठवण ठेवायचं कारण नाही. दोन टोळ्यांनी एकमेकींशी बोलायचं असेल, तर इंटरकम्युनिकेटर नावाचा वेगळा प्रकार आहे, ज्यात "त्यांच्यातली २ नंबर" असा थेट पत्ता लिहिता येतो.

गणितवाल्यांना पुन्हा वाटता येतं. रँकला चारने भागून येणारा पूर्ण भागाकार रंग म्हणून दिला की ओळी तयार होतात, आणि बाकी रंग म्हणून दिली की उभे स्तंभ. नऊ नंबर घ्या. नवाला चारने भागलं तर भागाकार २, बाकी १. म्हणजे ती शून्यापासून मोजलेल्या दुसऱ्या ओळीत आणि पहिल्या स्तंभात. ओळीच्या कम्युनिकेटरमध्ये तिच्याबरोबर ८, १० आणि ११ आहेत आणि तिची रँक १. स्तंभात १, ५ आणि १३ आहेत आणि तिची रँक २. प्रोसेस एकच, पण तिला गणितवाल्यांत ९, ओळीत १ आणि स्तंभात २ म्हणतात. सुरुवातीला डोकं गरगरतं. "रँक किती?" या प्रश्नाला "कुठल्या कम्युनिकेटरमध्ये?" हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, एवढी सवय लागली की जमतं. कागदावर सोळा चौकोन काढून प्रत्येकात तीनही आकडे लिहून बघा. नुसतं वाचून हे पटत नाही.

हे सगळं आज उघड वाटतं, पण १९९० च्या सुमाराला तसं नव्हतं. ज्याची मशीन त्याची मेसेजची पद्धत, असा कारभार होता. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक आला १९९१ मध्ये, आणि इथे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम या महासंगणकाचं काम त्याच सुमारास सुरू झालं. त्याचीही अनुलिब नावाची स्वतःची लायब्ररी होती. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये पीव्हीएम हे मेसेज पासिंगचं सॉफ्टवेअर सुरू झालं. ते फुकट होतं, कुठल्याही मशीनवर चालायचं, त्यामुळे जगभर पसरलं. पण त्यात मेसेज ओळखायला टॅगच होते. कॉन्टेक्स्ट त्यात आले ते फार उशिरा, ३.४ या आवृत्तीत. कॉन्टेक्स्टची कल्पना एमपीआयने उचलली ती झिपकोड नावाच्या एका छोट्या प्रणालीवरून. मेसेजचे पत्ते वेगळे ठेवणाऱ्या गोष्टीला पिनकोडचं नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी.

एप्रिल १९९२ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला बैठक झाली, आणि १९९३ चे बरेच महिने साठेक माणसं दर सहा आठवड्यांनी डॅलसच्या एका हॉटेलात जमून एकेक नियम भांडून ठरवत राहिली. चाळीसेक संस्थांची माणसं, त्यात मशीन विकणाऱ्या कंपन्याही. मे १९९४ मध्ये पहिली आवृत्ती आली. तेव्हा लोकांना एमपीआय फार मोठं वाटलं होतं. सहा फंक्शनांत भागतं, मग शंभरावर फंक्शनं कशाला, अशी कुरकुर होती. पण दुसऱ्याची लायब्ररी निर्धास्तपणे वापरता यावी म्हणून जी फंक्शनं घातली, त्यांच्यामुळेच पुढे समीकरणांच्या, फूरिए रूपांतराच्या, फाइलींच्या लायब्ररींचं एवढं मोठं दुकान उभं राहिलं. टॅगच्या भरवशावर ते उभं राहिलं नसतं.

आता, कम्युनिकेटर केला म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. एक घोळ त्याच्या आतच होऊ शकतो, आणि तो कॉन्टेक्स्टने सुटत नाही. समजा लायब्ररी शून्य नंबरवर बाकीच्यांचे आकडे गोळा करते. ती "कोणाकडूनही" असं म्हणून, समजा फक्त १ आणि २ कडून, दोन मेसेज घेते आणि बेरीज सांगते. प्रोग्रॅमने ही लायब्ररी लागोपाठ दोनदा बोलावली. एक नंबर भराभर पहिल्या खेपेचा आकडा पाठवून मोकळी झाली आणि दुसऱ्या खेपेचाही पाठवून बसली. दोन नंबर अजून पहिल्याच खेपेत अडकलेली. शून्य नंबरला दोन मेसेज मिळाले, दोन्ही एकाच प्रोसेसचे. कॉन्टेक्स्ट तोच, टॅग तोच, लायब्ररी तीच, तरी बेरीज चूक. इथे उपाय साधा आहे, "कोणाकडूनही" सोडून द्यायचं आणि १ कडून एक, २ कडून एक असं नाव घेऊन मागायचं. एकाच प्रोसेसने त्याच कम्युनिकेटरवर पाठवलेले मेसेज एकमेकांना ओलांडून जाणार नाहीत, याची हमी एमपीआय देतं. म्हणजे १ चा पहिला मेसेज पहिल्याच खेपेला मिळतो. वेगवेगळ्या कम्युनिकेटरवरच्या मेसेजना मात्र अशी क्रमाची हमी नाही. काम दोन कम्युनिकेटरमध्ये वाटल्यावर "मी हा आधी पाठवला होता" हे म्हणणं संपलं.

कम्युनिकेटर फुकटही मिळत नाही. त्याचा कॉन्टेक्स्ट सगळ्या सदस्यांकडे एकच असावा लागतो, पण तो ठरवणारं मध्यवर्ती ऑफिस कुठेच नाही. एमपीआयसीएचने याची एक सुबक युक्ती केली. प्रत्येक प्रोसेस आपल्याकडे मोकळ्या आकड्यांची यादी ठेवते. समजा एकीकडे ३, ४, ६ मोकळे, दुसरीकडे ४, ५, ६, तिसरीकडे ३, ४, ६, ७. तिघींच्या याद्या एकमेकींवर ठेवल्या की सगळ्यांकडे मोकळे उरतात ४ आणि ६, त्यातला लहान म्हणजे ४ घ्यायचा. यासाठी सगळ्यांनी एकाच वेळी हजर असावं लागतं. म्हणून कॉम डुप किंवा कॉम स्प्लिट हे सगळ्या सदस्यांनी आणि त्याच क्रमाने बोलवायचं असतं. "मी त्या गटात नाही, मग मी कशाला?" म्हणून एकीने पाठ फिरवली, की बाकीच्या तिथेच ताटकळत बसतात.

आणि यादीला अंत असतो. एमपीआयसीएचमध्ये ती बराच काळ २०४८ आकड्यांची होती. वेळेच्या प्रत्येक पावलाला नवी प्रत काढणारा आणि कॉम फ्रीने ती परत न करणारा प्रोग्रॅम आपल्या १४,४०० पावलांपैकी दोन हजारांच्या आसपास पोचला, की मरतो. "टू मेनी कम्युनिकेटर्स", आणि पुढे कंसात ०/२०४८ फ्री. रात्री लावून ठेवलेला जॉब सकाळी येऊन बघावा तर असा आडवा पडलेला. प्रती सुरुवातीला एकदाच काढाव्यात, लूपच्या बाहेर.

एमपीआय कधीच शिकणार नाही असं म्हणणाऱ्यांनाही हा विषय आता चुकत नाही. मोठी भाषिक मॉडेल शिकवताना ग्राफिक्स कार्डांचे (जीपीयूंचे) असेच गट पाडतात. काही कार्डं मॉडेलच्या एकाच थराचे तुकडे वाटून घेतात, काही वेगवेगळे थर, आणि काही तेच मॉडेल वेगळ्या डेटावर चालवतात. प्रत्येक कार्ड एकाच वेळी तिन्ही गटांत, प्रत्येक गटात त्याचा क्रमांक वेगळा. मघाच्या नऊ नंबरचीच गत. अशी मॉडेल शिकवण्याच्या पायटॉर्च या सॉफ्टवेअरमध्ये याला प्रोसेस ग्रुप म्हणतात आणि त्याच्या खाली कार्डांमधले निरोप नेणाऱ्या एनसीसीएल लायब्ररीत चक्क कम्युनिकेटरच. पायटॉर्चमध्ये नवा ग्रुप करताना त्यात नसलेल्या प्रोसेसनेही सहसा ते फंक्शन बोलवावं लागतं. हे न वाचता बसलेली आणि "जीपीयू चालू आहे पण काही होत नाहीये" म्हणून डोकं धरलेली माणसं या शहरातल्या बऱ्याच ऑफिसांत सापडतील.

एमपीआयच्या २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत सेशन्स आले. त्यामुळे लायब्ररीला कॉम वर्ल्डला हात न लावता स्वतःच्या स्वतः कम्युनिकेटर बनवता येतो. तो वापर अजून फार पसरलेला नाही. तोवर जुना नियम पुरेसा आहे. आपण लिहिलेल्या फंक्शनमध्ये कॉम वर्ल्ड हे शब्द लिहायचेच नाहीत, कम्युनिकेटर बाहेरून पॅरामीटर म्हणून घ्यायचा. आज स्वतंत्र चालणारं पावसाचं मॉडेल उद्या समुद्राच्या मॉडेलला जोडायचं ठरतं. त्या दिवशी कॉम वर्ल्डमध्ये समुद्रवालेही येऊन बसलेले असतात, आणि आपली बेरीज त्यांच्याकडून पावसाचे आकडे मागत लटकते. ओएसिससारखी मॉडेल जोडणारी सॉफ्टवेअर म्हणूनच सुरुवातीला प्रत्येक मॉडेलला त्याचा स्वतःचा कम्युनिकेटर हातात देतात.

आणि कम्युनिकेटर बनवल्या बनवल्या त्याला नाव द्यावं. कॉम सेट नेम या फंक्शनला "ओळ", "स्तंभ", "लेखक" अशी काहीही अक्षरं देता येतात. प्रोग्रॅमच्या वागण्यात त्याने फरक पडत नाही, पण डिबगरने, म्हणजे चुका शोधायच्या साधनाने, लटकलेली प्रोसेस उघडली, की ती कुठल्या कम्युनिकेटरवर कोणाची वाट बघतेय हे लांबलचक आकड्याऐवजी नावाने दिसू शकतं.